चाळण थांबवताना ब्रेकिंग रेझिस्टर किती ओहमचा, किती वॅटचा?

चाळणवाला

नमस्कार मंडळी. वाघोली-लोणीकंद पट्ट्यातल्या एका खडी क्रशरवर मेंटेनन्स बघतो. क्रश सँडच्या लाइनला एक व्हायब्रेटिंग स्क्रीन आहे, आम्ही चाळणच म्हणतो. वजन चार टन, चार कोपऱ्यांत स्प्रिंगा. वर दोन आडवे शाफ्ट, त्यांच्यावर अर्धचंद्रासारखी वजनं, एक शाफ्ट उजवीकडे फिरतो, दुसरा डावीकडे. प्रत्येकाला ११ किलोवॉटची वेगळी मोटर, मधे पट्टे. मोटर मिनिटाला १४६० फेऱ्यांना, शाफ्ट ९५० ला.

पूर्वी स्टार-डेल्टा स्टार्टर होतं. बंद केलं की पाऊण-एक मिनिट फिरत राहायची आणि अगदी शेवटी, थांबता थांबता, अशी हेलकावे खायची की बघवत नसे. वर्षात दोन स्प्रिंगा तुटल्या, जाळीचे बोल्ट तर रोजचेच. म्हणून दोन मोटरींना दोन ड्राइव्ह (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या पेट्या) बसवले, थांबायची वेळ ३ सेकंद टाकली. ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजला ट्रिप. विक्रेत्याने प्रत्येक ड्राइव्हला १५० ओहम, ५०० वॅटचा रेझिस्टर दिला. तरी ट्रिप. तो गरम होत होता म्हणून मी सिरीजमधे तसाच अजून एक जोडला. मग तर लगेच ट्रिप. शेवटी विक्रेत्याचा माणूस येऊन काही सेटिंग करून गेला. ट्रिप थांबलं, पण थांबायला ३ च्या जागी १२ सेकंद लागतात आणि हेलकावे पुन्हा सुरू.

वर एक कोडं. डाव्या ड्राइव्हचे रेझिस्टर चाळण *चालू असतानाच* तापलेले असतात. हात लावता येत नाही. ब्रेक न मारता ब्रेक कसा तापतो?

योग्य रेझिस्टर कोणता घ्यायचा ते सांगा. मोटरच्या किलोवॉटवरून तक्ता असतो म्हणतात, तो बरोबर का?

पॅनल_भोसरी

तक्ता बाजूला ठेवा. तो लिफ्ट, पंखा, क्रेन सगळ्यांना एकाच मापाने मोजतो.

आधी सिरीज काढा. लोकांना वाटतं ओहम वाढले की रेझिस्टर "मोठा" झाला. उलट आहे. थांबताना मोटर जनरेटर होऊन वीज परत पाठवते, ती रेझिस्टरमधे सोडणारा ड्राइव्हमधला स्विच म्हणजे चॉपर. तो ठरलेल्या व्होल्टेजला चालू होतो, ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हला साधारण ७६० धरा. रेझिस्टर जास्तीत जास्त किती शक्ती खाईल? व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम. १५० ओहमला ३.८५ किलोवॉट. तुम्ही ३०० केलेत, क्षमता १.९ वर आली. येणारी ऊर्जा तेवढीच, वाट अर्धी झाली. बस व्होल्टेज, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं डीसी व्होल्टेज, चढणारच.

ओहम आणि वॅट हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ओहम ठरवतो क्षणाला किती जिरेल. वॅट ठरवतो दिवसभर किती सोसेल.

कोरा_कागद

मी हिशेबनीस आहे, मोटर मला फक्त मिक्सरची माहीत. पण आमचं वॉशिंग मशीन कपडे पिळताना शांत असतं आणि थांबताना बाथरूमभर नाचतं. हे तेच का?

मीरा_त

अगदी तेच, कोरा_कागद. मी कंपनशास्त्र शिकवते आणि पहिल्या तासाला हेच उदाहरण देते.

स्प्रिंगांवर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचा स्वतःचा एक झोका असतो. चाळणवाला, तो तुम्हाला टेपने मोजता येईल. चाळण बसवल्यावर स्प्रिंगा किती दबल्या? ४ सेंटिमीटर दबल्या असतील तर झोका सेकंदाला अडीच, म्हणजे मिनिटाला १५०. डावी-उजवी डुलण्याचे झोके याच्या थोडे वर असतात. तेव्हा २५० पासून १५० फेऱ्यांपर्यंतचा टप्पा धोक्याचा. ९५० ला चाळण त्या टप्प्याच्या खूप वर असते, म्हणून शांत. थांबताना मात्र तो ओलांडावाच लागतो.

आता ती नेमकी तिथेच का रेंगाळते? तुमच्या वजनांचा केंद्रोत्सारी ओढा प्रत्येक शाफ्टला दहा टनांच्या आसपास असणार. बेअरिंगमधलं घर्षण मुख्यतः त्या ओढ्यामुळे, आणि ओढा वेगाच्या वर्गाने बदलतो. वेग निम्मा झाला की ओढा पाव, घर्षणही जवळजवळ पाव. म्हणजे वरच्या वेगाला चाळण पटापट मंदावते आणि खाली आल्यावर तिला अडवणारं काही उरत नाही. जिथून पळायला हवं तिथेच ती टंगळमंगळ करत बसते.

चालू होतानाही हीच खिंड आड येते. मोटर कमी ताकदीची असेल तर वेग तिथेच अडकतो, सगळी शक्ती हलवण्यात जाते, फिरवायला उरत नाही. आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी १९०२ मधे हे दाखवलं, त्यांचंच नाव त्या परिणामाला आहे.

शिरोलीकर

मीराताई, लई भारी सांगितलंत. वीस वर्षं फौंड्रीत शेकआउट (ओतकामाची वाळू झटकणारी चाळण) हलवतोय, "खाली आल्यावर का नाचते" याला आमच्याकडे उत्तर एकच होतं, "नाचते म्हणजे नाचते".

पॅनल_भोसरी

चाळणवाला, शाफ्टची जडत्व-संख्या आहे का? ड्रॉइंगवर इंग्रजी J या अक्षराने किंवा जीडी वर्गाने लिहिलेली असते. जीडी वर्ग असेल तर ४ ने भागा. हा भागाकार विसरून चौपट रेझिस्टर मागवलेले मी पाहिलेत.

चाळणवाला

सापडलं. वजनं आणि पुली धरून प्रत्येक शाफ्टला ३ किलोग्रॅम-चौरस मीटर. मोटरच्या रोटरचं ०.०७. स्प्रिंगा ४ सेंटिमीटरच दबल्यात, मीराताईंनी कसं ओळखलं!

पॅनल_भोसरी

चला मांडू. शाफ्ट ९५० ला म्हणजे सेकंदाला ९९.५ रेडियन. अर्धा गुणिले ३ गुणिले ९९.५ चा वर्ग, १४.८५ किलोज्यूल. रोटरचे ०.८. एका मोटरमागे एकूण १५.७ किलोज्यूल. त्यातला चाळणीचा वाटा किती? चार टनांचं धूड, पण ते ५ मिलिमीटरच्या आंदोलनात हलतं, जास्तीत जास्त वेग अर्धा मीटर सेकंदाला. सगळ्या धुडात मिळून जेमतेम अर्धा किलोज्यूल. ऊर्जा चाळणीत नाही, वजनांत आहे. "चार टनाची मशीन थांबवायची तर केवढा रेझिस्टर लागेल" ही भीती सोडून द्या.

३ सेकंदांत सरळ रॅम्पने, म्हणजे वेग एकसारखा उतरवत, थांबवलं तर सरासरी ५.२ किलोवॉट. पण सुरुवातीला वेग पूर्ण असतो, त्यामुळे पहिल्या क्षणाला सरासरीच्या दुप्पट, १०.५. रिकाम्या चाळणीला चालू स्थितीत एका मोटरवर किती किलोवॉट दाखवतं? ३ धरू. तेवढं घर्षणच खाईल. उरले ७.५, त्यातलं मोटर आणि पट्ट्यांत थोडं जाईल. ड्राइव्हपर्यंत साधारण साडेसहा पोचतील.

तुमचे १५० ओहम ३.८५ वर थकतात, म्हणून ट्रिप. आता तेच दोन रेझिस्टर सिरीज सोडून पॅरलल करा. ७५ ओहम, ७.७ किलोवॉट. नवीन काही घ्यायला नको. फक्त मॅन्युअलमधे ड्राइव्हचा किमान ओहम बघा. त्याच्या खाली गेलात तर चॉपर जातो.

चाळणवाला

किमान ४० लिहिलंय. आणि वॅट? पॅरललमधे १००० वॅट होतील, पण जिरवायचे आहेत साडेसहा हजार!

उसाचा_रस

३ सेकंदांपुरतेच हो. एका थांबण्याची सगळी उष्णता १५.७ किलोज्यूल, तीही सगळी रेझिस्टरपर्यंत जाणार नाही. सगळी मिळाली तरी ५० मिली पाणी उकळेल, एक कटिंग चहा! तासाला दहा वेळा थांबवलंत तरी सरासरी ५० वॅटच्या आत. कॅटलॉगमधे काही सेकंदांच्या भाराचा आलेख असतो, त्यावर ३ सेकंदांचा आकडा बसतोय का तेवढं बघा.

याच्या उलटं बघायचं तर साखर कारखान्यात या. आमच्या बॅच सेंट्रिफ्युगलला दर तीन-चार मिनिटांनी पूर्ण वेग आणि पुन्हा थांबा. प्रत्येक वेळी ऊर्जा किलोज्यूलमधे नाही, मेगाज्यूलमधे, आणि ती गाळप हंगामभर चोवीस तास. तिथे सरासरीच मारते. रेझिस्टर लावला तर खोलीची भट्टी होईल, म्हणून वीज परत लाइनमधे ढकलणारे ड्राइव्ह लावतात किंवा सगळ्या मशीनचा डीसी बस एक करतात. एक मशीन थांबताना जे देते ते शेजारची वेग घेताना खाते. हंगाम सुरू झाल्यावर ते मीटर बघणं हा माझा आनंद आहे.

त्याच कारखान्यात साखर वाहून नेणारा ग्रासहॉपर आहे, थरथरत साखर पुढे ढकलणारा. त्याला आम्ही रेझिस्टर लावलेलाच नाही. आपोआप थांबतो, कुणाचं काही बिघडत नाही. तेव्हा लागतो का, हा प्रश्न आधी.

गोंयकार_खाण

मला तर रेझिस्टरच नको वाटतो. आमच्या लोहखनिजाच्या चाळणींना डीसी इंजेक्शन लावायचो. मोटरच्या वायंडिंगला थोडा डीसी दिला की रोटरच ब्रेक. १५ किलोज्यूल म्हणजे काहीच नाही, रोटर सहज जिरवतो. कमी वेगाला तो चांगला पकडतो, आणि मीराबाय म्हणतात तो धोका कमी वेगालाच आहे. ४०० पर्यंत हळू आणा, मग डीसी द्या. खर्च शून्य.

पॅनल_भोसरी

तासाला दोन-चार वेळा थांबवायचं असेल तर तुमची पद्धत चालते, हे मान्य. पण क्रशरवर चाळण सर्वात जास्त वेळा कधी थांबते? लाइट गेल्यावर! डीसी इंजेक्शनला वीज बसमधून द्यावी लागते, परत काही येत नाही. लाइट गेली, बस रिकामा झाला, ब्रेक संपला, पुन्हा मिनिटभर नाच. रॅम्पने थांबवताना फिरणारी वजनंच जनरेटर होतात. लाइट गेल्यावर रॅम्पने थांबण्याचं सेटिंग बऱ्याच ड्राइव्हमधे असतं. ते लावलं की चाळण स्वतःच्या ऊर्जेवर ड्राइव्ह जिवंत ठेवून तीन सेकंदांत थांबते. कंट्रोलचा पुरवठाही डीसी बसवरून किंवा बॅटरीवरून हवा, नाहीतर स्टॉपचा रिले आधीच पडतो.

गोंयकार_खाण

हा मुद्दा पटला. आमच्याकडे जनरेटरवर चालायचं म्हणून कधी जाणवलं नाही.

प्रज्ञा_के

सगळे रेझिस्टरच्या मापात गुंतलात, कोडं राहूनच गेलं. चालू असताना डावाच का तापतो?

चाळणवाला, दोन्ही ड्राइव्हची फ्रिक्वेन्सी सारखी आहे का? आणि दोन्हींच्या डिस्प्लेवर अँपिअर नाही, *किलोवॉट* बघून सांगा. अँपिअरला दिशा नसते.

चाळणवाला

ताई, उजवा ५० हर्ट्झ, डावा ४९. माल एका बाजूला सरकत होता म्हणून ऑपरेटरने डावा कमी केला होता. अँपिअर दोन्हीकडे बऱ्यापैकी दिसतात म्हणून कधी शंका आली नाही. किलोवॉट लावून पाहिले, रिकामी चालू असताना: उजवा ७ च्या वर. डावा *वजा* १. डाव्याचा डीसी बस ७६० वर टेकलेला.

प्रज्ञा_के

सापडला चोर. डावी मोटर तुमची चाळण हलवत नाहीये, उजवी मोटर डावीला ओढतेय.

दोन शाफ्टच्या मधे ना पट्टा ना गिअर, तरी ते एकाच वेगाने फिरतात, कारण दोघं एकाच हलत्या धुडावर बसलेत. ते धुडच दोघांना बांधून ठेवतं. डाव्याला सांगितलंय ४९ हर्ट्झ, म्हणजे १४७० ला फिर. पण जोडी १४७४ च्या आसपास फिरतेय. मोटर स्वतःच्या समकालिक, म्हणजे फ्रिक्वेन्सीने ठरलेल्या, वेगाच्या वर गेली की जनरेटर होते. उजवी सात किलोवॉट घेते, त्यातलं एखादं किलोवॉट थरथरीतून डावीपर्यंत पोचतं, डावी ते ड्राइव्हला परत देते, आणि काही शेकडा वॅट रेझिस्टरमधे जळत राहतात. दिवसभर. थांबण्याची सरासरी पन्नास वॅट आणि ही गळती त्याच्या कित्येक पट! रेझिस्टर मोठा घेतला असतात तर तो गारही राहिला असता आणि वीजबिल मात्र वाढत राहिलं असतं.

मीरा_त

प्रज्ञा, किती सुंदर पकडलंस. ख्रिस्तियान हॉयगन्स यांनी १६६५ मधे एकाच तुळईला टांगलेली दोन लंबकाची घड्याळं आपोआप ताल जुळवतात हे पाहिलं, त्याचंच हे भाऊबंद. फिरत्या वजनांसाठी लेनिनग्राडच्या इल्या ब्लेखमन यांनी १९५३ मधे सिद्धांत मांडला. त्यातली सर्वात विलक्षण गोष्ट म्हणजे दोनपैकी एका मोटरची वीज पूर्ण तोडली तरी तो शाफ्ट दुसऱ्याच्या थरथरीवर फिरत राहू शकतो.

माल एका बाजूला जायचं कारण पण यातच शोधा. एक ओढतो, एक ओढला जातो, तेव्हा वजनांची जोडी किंचित पुढेमागे होते आणि फेकण्याची दिशा कलते. ऑपरेटरने मूळ दुखणं वेगळं असताना फ्रिक्वेन्सीने दाबायचा प्रयत्न केला असावा. स्प्रिंगांची उंची चारी कोपऱ्यांत सारखी आहे का, पुरवठ्याचा माल मधोमध पडतो का, ते पाहा.

शिरोलीकर

भावा, एकच २२ किलोवॉटचा ड्राइव्ह लाव आणि दोन्ही मोटरी त्यावर घे. फ्रिक्वेन्सी एक, भांडण संपलं. फक्त दोन मोटरींना वेगवेगळे ओव्हरलोड रिले पाहिजेत, नाहीतर एक जळेपर्यंत ड्राइव्हला पत्ता लागत नाही.

दोनच ठेवायचे असतील तर दोघांना एकाच ठिकाणाहून फ्रिक्वेन्सी दे आणि स्लिप कॉम्पेन्सेशन दोन्हीकडचं बंद कर. ते चालू असलं की ज्याच्यावर भार जास्त तो अजून वेग वाढवतो आणि खेचाखेची वाढते. पट्टे पण बघ, एका बाजूचे नवे आणि दुसरीकडचे घासलेले असले तरी हाच खेळ होतो.

आणि रेझिस्टर बसवलाय कुठे? मशीनच्या खांबावर असेल तर आजच काढ. आमच्याकडे शेकआउटच्या फ्रेमवर होता. आतली चिनीमाती तडकली, तार सैल झाली, टर्मिनलला ठिणग्या. वेगळ्या फाउंडेशनवरच्या खांबाला लावला, तेव्हापासून गप्प आहे. धूळ बसू देऊ नकोस, पण धूळ नको म्हणून बंद पेटीतही कोंडू नकोस. तुझी दगडाची धूळ पेटत नाही हे नशीब. उसाचा_रस यांच्याकडचा बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, भुसा तापलेल्या रेझिस्टरवर साठला तर काय होईल ते सांगायला नको.

निवृत्त_वायरमन

एक गोष्ट कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. माझ्या डोळ्यांसमोर एका ठिकाणी पॅनलरूम जळली आहे.

चॉपरचा ट्रान्झिस्टर खराब होतो तेव्हा पुष्कळदा शॉर्ट होतो. मग रेझिस्टर डीसी बसवर कायमचा जोडला जातो. ४१५ ची बस ५८७ व्होल्ट. तुमच्या ७५ ओहमला साडेचार किलोवॉटच्या वर, न थांबता, हजार वॅटच्या रेझिस्टरवर. काही मिनिटांत लाल होतो. या वेळी ड्राइव्हला स्टॉप दिला तरी उपयोग नाही, कारण करंट रेक्टिफायरमधून (एसीचा डीसी करणाऱ्या भागातून) सरळ येतो, ड्राइव्ह त्याला अडवू शकत नाही.

रेझिस्टरवर थर्मल स्विच असतो. बरेच जण तो ड्राइव्हच्या फॉल्ट इनपुटला जोडतात किंवा जोडतच नाहीत. तो ड्राइव्हच्या *आधीच्या* कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधे घ्या. तापला की मुख्य पुरवठाच तुटला पाहिजे. दोन रेझिस्टर असतील तर दोन्हींचे स्विच सिरीजमधे. आणि हात घालण्याआधी पुरवठा तोडून बस उतरेपर्यंत थांबा, मीटर लावून खात्री करा.

चाळणवाला

काका, आमचा थर्मल स्विच कुठेच जोडलेला नव्हता. दोन वायरी टेप लावून सोडल्या होत्या. उद्या पहिलं काम हेच. आठवड्याने सगळं करून सांगतो.

कोरा_कागद

मला यातलं निम्मं कळलं पण धागा सोडवेना. वॉशिंग मशीनखाली रबराचे पाय लावले तर फायदा होईल का?

मीरा_त

आधी चारी पाय जमिनीला टेकतात का बघा, कागदाची घडी सरकवून. बहुतेक वेळा एक अधांतरी असतो. आणि चादर एकटी धुवू नका, ती एका बाजूला गोळा होते आणि तुमच्या घरात चाळणवाल्यांच्या वजनांचं काम करते.

चाळणवाला

आठ दिवस झाले. क्रमाने सांगतो.

थर्मल स्विच मुख्य कॉन्टॅक्टरमधे घेतले. हेअर ड्रायरने तापवून पाहिले, पुरवठा तुटतो. रेझिस्टर मशीनच्या खांबावरून काढून शेडच्या भिंतीला लावले. दोन्ही ड्राइव्हना एकच फ्रिक्वेन्सी, ५० हर्ट्झ, स्लिप कॉम्पेन्सेशन बंद. दोन्हीकडे ३ किलोवॉटच्या आसपास दिसतात, आणि चालू चाळणीला डावा रेझिस्टर गार. तासभर हात ठेवून उभा होतो, विश्वास बसत नव्हता. मालाचं कारण मीराताईंनी सांगितलं तेच निघालं, मागची एक स्प्रिंग दीड सेंटिमीटर जास्त दबलेली. बदलली.

मग रेझिस्टर पॅरलल केले. पण पहिल्या चाचणीला ३ च्या जागी ८ सेकंद लागले. ट्रिप नाही.

पॅनल_भोसरी

विक्रेत्याचा माणूस जे करून गेला ते ओव्हरव्होल्टेज कंट्रोल असणार. बस चढली की ड्राइव्ह आपणहून रॅम्प लांबवतो. रेझिस्टर नसेल तेव्हा ते उपयोगाचं, असेल तेव्हा आडकाठी. काही ड्राइव्हमधे तर चॉपरपर्यंत व्होल्टेज पोचूच देत नाही. बंद करा, दोन्हीकडे.

चाळणवाला

बंद केलं. ३ सेकंद. ट्रिप नाही.

पुठ्ठा आणि पेन्सिल लावून हेलकावा मोजला. आपोआप थांबताना ७० मिलिमीटर, आता २२. दुपारी मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिला, लाइट गेल्यावरही तशीच थांबते. सलग पाच वेळा थांबवल्यावर रेझिस्टर कोमट.

आता एकच राहिलंय. माल भरलेला असताना लाइट गेली तर शेवटच्या क्षणी एक जोराचा धक्का अजून बसतो, रिकामी असताना नाही. वेळ २ सेकंदांवर आणू का?

प्रज्ञा_के

२ केलंत तर पहिल्या क्षणाची गरज १५.७ वर जाईल. घर्षण वजा करून साडेदहा-अकरा उरतील, ७५ ओहम पुरणार नाही. ५० ओहम लागेल, तुमच्या ४० च्या वर आहे म्हणून चालेल. पण त्याआधी रॅम्प दोन तुकड्यांत करून पाहा. ९५० ते ३५० ला अडीच सेकंद, तिथून शून्यापर्यंत अर्धा. वरच्या वेगाला घाई नकोच, घाई हवी ती खाली. खालच्या तुकड्यात वेग कमी म्हणून शक्तीही कमी, आहे तोच रेझिस्टर पुरेल. फक्त तिथे टॉर्क जास्त लागेल, शाफ्टवर साधारण २२० न्यूटन-मीटर, म्हणजे मोटरच्या पूर्ण भाराच्या दुप्पट. ड्राइव्हची करंट मर्यादा तेवढं देत नसेल तर अर्ध्याचा पाऊण करा. पट्टे घसरतात का ते कान देऊन ऐका.

चाळणवाला

उद्या सकाळी पहिल्या पाळीच्या आधी करतो. पुठ्ठा लावूनच ठेवलाय.